दोऱ्याला लावलेलं तेल

परवा आमच्याकडे एका दोऱ्यावरून जे रामायण घडलं, ते सांगावं की सांगू नये याचा मी दोन दिवस विचार करत होते. त्यात माझं शहाणपण काहीच नाही, उलट फजितीच आहे. पण घरात शिवणयंत्र आहे, जुनी लुगडी आहेत आणि त्यांची गोधडी किंवा दुपटं यंत्रावर शिवायचा बेत आहे, अशा पुष्कळ जणी आपल्यात असतील. माझ्या हातून जे झालं ते त्यांच्या हातून होऊ नये, म्हणून शेवटी लिहायला बसले.

माझी लेक पहिलटकरीण. सातवा महिना लागला तशी ती फोनवर म्हणाली, "आई, बाळाला विकतचं काही घेऊ नकोस. आजीच्या लुगड्याचं दुपटं कर."

आजी म्हणजे माझी आई. तिला जाऊन आता तेरा वर्षं झाली. कराडला तिचं सारं आयुष्य शिवणावर गेलं. आळीतल्या बायकांच्या चोळ्या, परकर, लहान मुलांची झबली, कुंच्या असं काय काय तिनं शिवलं. त्यातून आम्हा भावंडांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघायचा. ती गेल्यावर मी माहेरून दोनच गोष्टी मागून आणल्या. एक तिच्या लुगड्यांची ट्रंक आणि दुसरी तिच्या रिळांची काचेची बरणी.

ट्रंक राहिली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा आमच्या सांगलीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर परत आलो तो ट्रंकेत नुसता चिखल. लुगडी हातात धरली की चिंध्या होऊन येत होत्या. एकच वाचलं. गोमी काठाचं मोरपिशी इरकली. लेकीनं ते कॉलेजच्या कार्यक्रमाला नेसायला काढलं होतं आणि नंतर आळसानं कपाटाच्या वरच्या खणात कोंबलं होतं. तिच्या त्या आळसावर मी पूर्वी किती बोलले असेन! रिळांची बरणीही वाचली, कारण ती खिडकीतल्या फळीवर असते. असते म्हणजे असायची. लाल, पिवळी, जांभळी रिळं उन्हात फार शोभिवंत दिसत, म्हणून मीच ती तिथं मांडली होती.

शिवणयंत्र मात्र पाण्यात होतं. ते आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी सगळं खोललं, रॉकेलनं धुतलं, वाळवलं, तेल घालून पुन्हा जोडलं आणि ते चालू लागलं. तेव्हापासून माझा तेलावर भारी विश्वास बसला. यंत्र जरा कुरकुरलं की दोन थेंब तेल. ही सवय पुढे कशी नडली ते सांगतेच.

दुपट्याची तयारी मी हौसेनं केली. वर आईचं लुगडं, आत दोन पदरी जुनं धोतर, खाली माझी वापरून मऊ झालेली सुती साडी. असे चार थर. मीटरभर रुंद, सव्वा मीटर लांब. फरशीवर चटई टाकून थर एकावर एक ताणले, हात फिरवून सुरकुत्या काढल्या आणि वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घातले. यंत्रावर शिवताना हे कच्चे टाके टाळू नयेत. वरचा थर पायाखाली पुढे सरकतो, खालचा दात ओढून नेतात आणि शेवटी कड तिरकी येते. शिवायलाही मधूनच सुरुवात करावी. आधी मधली टीप, मग तिच्या दोन्ही अंगांना दोन-दोन बोटांवर पुढच्या टिपा. म्हणजे राहिलेली सुरकुती बाहेर निघून जाते. यंत्राच्या हाताखाली येणारा भाग वळकटीसारखा गुंडाळून ठेवावा.

आमच्या सासूबाईंना हे मधून सुरू करणं पटलं नाही. त्यांना आम्ही सगळ्या आत्याबाई म्हणतो. वय अठ्ठ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, पण लक्ष चौफेर. खुर्चीत बसून त्या म्हणाल्या, "गोधडी कडेनं आत जाते. हातानं शीव, चार दिवस जास्त लागतील." मी म्हटलं, "आत्याबाई, माझा अंगठा धरतो हो. हातानं कुठं होणार?" ते खोटं नव्हतं, पण अगदी खरंही नव्हतं. आईचं लुगडं, आईचा दोरा आणि टीपही आई मारायची तशी यंत्राची, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

दोराही बरणीत हवा तसाच सापडला. लाकडी रिळाचा, सुती, लुगड्याच्या रंगाला अगदी जुळणारा मोरपिशी. आईनं ते लुगडं पहिल्यांदा फाटलं तेव्हा रफूसाठी घेतलेला असावा. मी तो ओवला आणि मधली टीप सुरू केली. वीतभर गेले नाही तो टिक् आवाज आला. दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. सव्वा मीटरच्या एका टिपेत तो सात वेळा तुटला. टेन्शन सैल केलं तर खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी जमली. आवळलं तर आणखी लवकर तुटे. बॉबीन काढून पुन्हा भरली, केस पुसली. काही उपयोग झाला नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "दोरा कोरडा पडलाय. मेण लाव त्याला."

"मेण हातशिवणीला, आत्याबाई. मशीनला मेण लावलं तर सगळं चिकटून बसेल."

"मग दुसरा दोरा घे."

यावर मी काही बोलले नाही. दुसरा दोरा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला असता. मला तो नको होता.

कोरडा पडलाय हे त्यांचं बोलणं मात्र डोक्यात राहिलं. कोरडं म्हणजे काय, तर तेल हवं, असं मी माझ्यापुरतं ठरवलं. यंत्राच्या तेलाची बाटली हाताशीच होती. रिळावर चार-पाच थेंब सोडले, बोटानं फिरवले आणि ओवलं. काय सांगू, पुढची टीप लोण्यासारखी गेली! त्याच्या पुढचीही गेली. मी आत्याबाईंकडे अशी काही पाहिलं, की आता आठवलं तरी शरम वाटते.

तिसरी टीप काठाजवळून जात होती. दिवे लागणीची वेळ, मला नीट दिसलं नाही. सकाळी उजेडात पाहिलं तर टिपेच्या कडेनं हातभर काळपट रेघ उमटलेली. रात्रीतून ती बोटभर रुंद पसरली होती. नुसत्या तेलाचा डाग पिवळट असतो, हा काळा होता. तेलानं भिजलेला दोरा टेन्शनच्या चकत्यांमधून, तारेच्या कड्यांतून, सुईच्या नेढ्यातून जाताना तिथला सगळा काळा मळ पुसत आला होता आणि तो थेट आईच्या लुगड्यात शिवला गेला होता.

डागाचं काय केलं ते सांगते, कारण तेवढा भाग तरी बरोबर केला. इस्त्री अजिबात फिरवली नाही. तेलाच्या डागावर इस्त्री फिरली की तो कायमचा बसतो. त्यावर जाडसर टाल्कम पावडर पसरून रात्रभर ठेवली, सकाळी मऊ ब्रशनं झटकली. मग भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन थेंब कोमट पाण्यात घालून कापसानं टिपत राहिले. चोळायचं नाही, नुसतं टिपायचं. पिवळटपणा गेला. काळेपणा काही जाईना, म्हणून न राहवून एकदा चोळलं, तर बोटाखाली कापड विसविशीत झालेलं कळलं. आणखी चोळलं असतं तर डागाऐवजी भोक पडलं असतं. तिथंच हात आवरला. फिकट झालेली ती रेघ अजून आहे.

एकच लुगडं उरलं होतं आणि पुरानं जे सोडलं ते मी माझ्या हातानं घालवलं, या विचारानं त्या दिवशी स्वयंपाकात लक्ष लागलं नाही. आमटी खारट झाली. यजमान काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांना कळलं असावं. आत्याबाईही दिवसभर गप्प होत्या. दुपारी चहा देताना एवढंच विचारलं, "रीळ संपलं का गं?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना बोलावलं. म्हटलं, यंत्रातच काही बिघाड असेल. यंत्राकडे त्यांनी नंतर पाहिलं. आधी रिळाचा हातभर दोरा काढला, दोन्ही मुठींत धरून झटका दिला. तो आवाजही न करता तुटला. मग खिशातल्या रिळाचा नवा दोरा तसाच ओढला, तर तो बोटात रुतला पण तुटला नाही.

"वहिनी, मशीन चांगलं आहे. हा दोरा मेलाय. मेलेल्याला तेल पाजून काय होणार?"

मला जरा झोंबलं. पण पुढे त्यांनी जे समजावलं ते चाळीस वर्षं यंत्र चालवूनही मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, दोरा रिळावरून निघाला की सरळ कापडात जाऊन बसतो. तसं होत नाही. सुई खाली गेली की खालचा शटल वरच्या दोऱ्याचा फास पकडून अख्ख्या बॉबीनभोवती फिरवतो. त्यासाठी बराच दोरा खाली लागतो. लगेच वरची टाके ओढणारी दांडी तो सगळा मागे खेचून घेते. टाक्यात राहतो तो फक्त तांदळाच्या दाण्याएवढा. म्हणजे दोऱ्याचा तोच तुकडा टाक्यात बसण्यापूर्वी वीस-पंचवीस वेळा तरी नेढ्यातून खाली-वर घासतो. चार थरांच्या जाड कापडात तर सुईबरोबर तोही प्रत्येक वेळी रगडला जातो. चांगला दोरा हे सोसतो. ज्याचा जीव गेला आहे तो तिसऱ्या-चौथ्या फेरीलाच तुटतो. तेलानं तो थोडा वेळ घसरला इतकंच, पण त्याचं बळ काही परत आलं नव्हतं.

दोरा मेला कशानं? तर माझ्या त्या शोभिवंत खिडकीनं. ऊन आणि दमट हवा सुती दोऱ्याला खातात. वरचे थर आधी जातात. तेरा वर्षं मी तो रोज सकाळी उन्हात ठेवत होते आणि त्याच्याकडे बघून आईची आठवण काढत होते.

"म्हणजे दोऱ्याला काही लावायचंच नाही का?" मी विचारलं.

"लावतात की. पण हे नाही." त्यांनी पिशवीतून पाण्यासारख्या स्वच्छ द्रवाची छोटी बाटली काढली. दोऱ्याचं सिलिकॉन. इचलकरंजीच्या कपड्यांच्या कारखान्यांत ते यंत्रं दुरुस्त करायला जातात, तिथं हे सर्रास वापरतात. कारखान्यातलं यंत्र मिनिटाला चार-पाच हजार टाके घालतं. घासून घासून सुई इतकी तापते की पॉलिस्टरचा दोरा नेढ्यातच वितळू शकतो. म्हणून तिथं दोऱ्याच्या वाटेवर एक छोटी डबी बसवतात, आत सिलिकॉननं भिजलेला नमदा असतो आणि त्यातून सरकत दोरा सुईकडे जातो. परदेशात गोधड्या शिवायची जी मोठी लांब हाताची यंत्रं असतात, त्यांवरही हेच लावतात. आपलं घरगुती यंत्र एवढं तापत नाही. पण जाड थर असले, किंवा दोरा मजबूत पण रुक्ष असला, तर एखाद-दुसऱ्या रेघेनं फरक पडतो.

यंत्राचं तेल धातूसाठी असतं. ते धूळ धरतं, काळवंडतं, कापडात पसरतं. मेण हातशिवणीत उत्तम, पण यंत्रात चकत्यांमध्ये साचतं आणि टेन्शन बिघडवतं. म्हणजे तेवढं माझं खरं होतं. खोबरेल तेलही त्यांनी कुणाकुणाच्या यंत्रात पाहिलं आहे. ते थंडीत गोठतं, मग यंत्र खोलून धुवावं लागतं.

सिलिकॉनसुद्धा सगळ्यात शेवटचा उपाय, हे मिस्त्रींनी दोनदा बजावलं. आधी दोरा ओढून बघावा. मग सुई बदलावी. माझ्या यंत्रात १४ नंबरची होती, ब्लाउज शिवायची. चार थरांना १६ नंबरची हवी. तिचं नेढं मोठं असतं, दोरा कमी घासतो. सुईचं टोक बोथट नाही ना, ती उलटी बसली नाही ना, हे पाहावं. दातांखालचा कापूस ब्रशनं काढावा. माझ्या यंत्रात तर तो बोरांएवढा निघाला! रिळाच्या कडेला खाच पडली असेल तर दोरा तिथंच अडकून तुटतो, त्यावरूनही बोट फिरवावं. एवढं करून मगच बाटलीकडे वळावं. ज्यांच्याकडे नवी कॉम्प्युटरवाली यंत्रं आहेत त्यांनी बरोबर आलेलं पुस्तक आधी वाचावं. तिथं मनाई असेल तर वाटेला जाऊ नये.

मी नवा दोरा आणला. रंग जवळपास जुळला, अगदी नाही. १६ ची सुई घातली आणि निम्म्याहून जास्त काम निर्वेध झालं. फक्त जिथं काठावर काठ आला होता तिथं अजून कधीमधी दोरा कातरला जाई. तेव्हा मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे रीळ उभं धरून वरून खालपर्यंत सिलिकॉनच्या तीन बारीक रेघा ओढल्या. थेंब गळू द्यायचे नाहीत. दहा मिनिटं मुरू दिलं आणि पहिली टीप चिंधीवर मारून ती चिंधी तासभर उजेडात ठेवली. एकदा पोळलेली होते ना! डाग नव्हता. मग काठाच्या टिपा घातल्या. एकदाही दोरा तुटला नाही.

कडा तेवढ्या राहिल्या होत्या. संध्याकाळी आत्याबाईंनी त्यांचा शिवणाचा डबा मागवला. त्यात मधमाश्यांच्या मेणाचा एक गोळा आहे. पिढ्यानपिढ्या दोरे ओढून त्याला सगळीकडून खाचा पडल्या आहेत. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईचं रीळ आण."

"ते मेलंय म्हणे."

"वरचं मेलं असेल. आत बघितलंस का?"

मी पाहिलं नव्हतं. दोघी मिळून दोरा उलगडत बसलो. वरचे थर फिकट, धुरकट. पुष्कळसा दोरा निघाल्यावर एकदम रंग बदलला. आत गर्द मोरपिशी, जणू कालच दुकानातून आणला असावा. झटका देऊन पाहिला. बोटात रुतला.

यंत्रावर तो चालला असता की नाही, मी पाहिलं नाही. हातानं शिवताना हात-दीड हाताचाच दोरा घ्यायचा असतो आणि मेणातून दोनदा ओढला की त्याचे सुटलेले पीळ बसतात, गुंताही होत नाही. मी सुया ओवून दिल्या. आत्याबाईंचा हात कापतो, त्यामुळे त्यांचा धावदोरा कुठं लांब, कुठं आखूड पडला. एक आखूड कड त्यांनी एकटीनं पुरी केली. त्याला दोन दुपारी लागल्या. उरलेल्या तीन कडा मी शिवल्या. अंगठा दुखला, पण मी म्हणत होते तेवढा नाही.

मधेच त्या काळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, "विहीणबाईंच्या लुगड्याला गुडघ्यापाशी कायम तेलाचा ठिपका असायचा, आठवतं का? लग्नाच्या बोलणीला आले होते तेव्हाही होता. मला तेव्हाच कळलं, बाई कष्टाची आहे."

मला तो ठिपका आठवत नव्हता. तेव्हापासून आठवायचा प्रयत्न करते आहे.

बरणीतली बाकीची रिळंही मी एकेक करून ओढून पाहिली. अकरांपैकी सात आतपर्यंत गेलेली निघाली, चार आतून चांगली आहेत. ती चार कागदात गुंडाळून कपाटात ठेवली आणि वर चिठ्ठी लावली, 'फक्त हातशिवणीसाठी'. सात टाकवली नाहीत. ती अजून बरणीत आहेत, पण बरणीही आता कपाटातच आहे.

लेक येत्या रविवारी येते आहे. दोऱ्याला लावलेलं निघून जावं म्हणून दुपटं कोमट पाण्यात दोनदा धुतलं आणि आत्ता मागच्या अंगणात दोरीवर वाळत घातलं आहे, सावलीच्या बाजूला.